तोंडी होकार

बाई फोनवर म्हणाल्या, “यू आर ग्रँड, लव्ह,” आणि मी त्यांच्या नावापुढे ‘तोंडी होकार’ या चौकटीत बरोबरची खूण केली. त्या शब्दांचा अर्थ ‘नको, राहू दे’ असा होतो हे मला ठाऊक होतं. आयर्लंडमध्ये येऊन मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. इंग्रजी कच्चं होतं, उच्चार कळले नाहीत, लाइन खराब होती, असं पुढे मी स्वतःला बरंच काही सांगून पाहिलं. त्यातलं काहीही खरं नाही. मी एका म्हाताऱ्या बाईंच्या नकाराचा होकार केला, आणि समजून-उमजून केला.

इथल्या ‘ग्रँड’चा भव्यतेशी काही संबंध नाही. तब्येत कशी आहे? ग्रँड. पाऊस उघडला का? ग्रँड. आणि तुम्ही कुणाला काही देऊ केलंत आणि तो ‘यू आर ग्रँड’ म्हणाला, की तो तुम्हाला थोर म्हणत नसतो, ‘असू दे’ म्हणत असतो. पंगतीत वाढपी जिलबीचं ताट घेऊन आला की आपण पानावर आडवा हात धरून ‘राहू दे, राहू दे’ म्हणतो ना, तसंच. फक्त आपल्याकडे त्या आडव्या हाताच्या फटीतूनही जिलबी पानात पडते. इथे नको म्हणजे नको, कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

हे मी पहिल्या महिन्यातच शिकलो होतो. डब्लिनच्या विमानतळाजवळच्या एका हॉटेलात मी तेव्हा रिसेप्शनवर होतो. तिथल्या हाउसकीपिंगच्या प्रमुख बाईंना मी रोज विचारायचो, चहा आणू का? त्या म्हणायच्या, “यू आर ग्रँड.” मला वाटायचं, काय कौतुक करतात! मी पळत जाऊन दुधाचा, दोन साखरेचा चहा आणायचो. पाचव्या दिवशी त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या, “अरे बाबा, मला चहा आवडतच नाही. तुला वाईट वाटेल म्हणून पिते.”

डब्लिनच्याच सँडीफोर्ड भागात आमच्या एका मित्राच्या फ्लॅटवर गणपतीला जमलो की हा किस्सा मला हमखास सांगायला लावत. माझी मुलगी इथेच वाढली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर पक्क्या आयरिश उच्चारातल्या इंग्रजीत. मी शेवटाजवळ आलो की तीच मध्ये ओरडायची, “आय डोन्ट ईव्हन लाइक टी!” आणि हशा व्हायचा. म्हणजे मला अर्थ ठाऊक होता याला घरभर साक्षीदार होते.

बायकोला किलकेनीच्या सरकारी रुग्णालयात नोकरी लागली तेव्हा आम्ही डब्लिन सोडलं, आणि मी तासाभराच्या अंतरावर, समुद्रकाठच्या एका गावात हॉटेलचे दर ठरवायचं काम धरलं. गाव जुगारावर उभं होतं. जुगार म्हणजे झगमगाटी काही नाही. किनाऱ्याला लागून ओळीने मशीनघरं, त्यात दांडा ओढायची यंत्रं, दहा सेंटची नाणी ढकलत ढकलत खाली पाडायची यंत्रं, बिंगोचा एक हॉल, आणि एका जिन्यावरून वर गेलं की रूलेटची दोन टेबलं. उन्हाळ्यात इथे माणसं यायची, दिवसा वाळूत बसायची आणि पाऊस आला की मशीनघरात शिरायची. पाऊस रोजच यायचा, त्यामुळे सगळ्यांचं चालायचं.

मी गेलो तेव्हा ते चालेनासं झालं होतं. आमच्या रांगेतली तीन गेस्ट हाउसं बंद होऊन त्यांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या. बिंगो आठवड्यातून दोनदाच. इथल्या दोन रात्रींच्या भाड्यात माणूस स्पेनला जाऊन आठवडाभर उन्हात पडून येई, मग कोण येतो इथे भिजायला? यावर दर उतरवणं हा एक उपाय होता. आम्ही दुसरा काढला. जे येतात त्यांच्याकडूनच जास्त घ्यायचं. मालक म्हणायचे, “खोली रिकामी राहिली तरी चालेल, स्वस्तात जाता कामा नये.”

हे मला नवं नव्हतं. पुण्याला हॉटेल मॅनेजमेंट करून मी महाबळेश्वरला चार वर्षं काढली होती. जोडून सुट्टी आली की संध्याकाळी दराचा फलक बदलायचं काम माझंच असे. इथे फलकाच्या जागी संगणक होता, एवढंच. पलीकडच्या शहरात मैफल जाहीर झाली की तासाभरात आमचे दर वर. कुठे लग्न असलं की वर. समुद्र दिसतो म्हणून वेगळा आकार. एका खोलीतून तो खिडकीबाहेर मान काढली तरच दिसायचा. मी मालकांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, “मग? व्यायामाचे पैसे घेत नाही हे उपकार समज.” मीही हसलो होतो.

बाकी राहिली होती नेहमीची माणसं. वर्षानुवर्षं ठरलेल्या आठवड्यात येणारी, बहुतेक वयस्कर. ती जानेवारी-फेब्रुवारीत फोन करायची, रिसेप्शनवरून विचारलं जायचं, “नेहमीसारखंच ना?”, पलीकडून “नेहमीसारखंच” आणि झालं बुकिंग. हे ‘नेहमीसारखं’ कुठेच लिहिलेलं नव्हतं. मालकांच्या आईच्या काळापासून तोंडी चालत आलेलं होतं आणि आताच्या दराच्या मानाने फारच कमी होतं. ते बंद करायचं मी सुचवलं. मालक चाचरले. आईची माणसं, म्हणाले. मग मी मधला मार्ग काढला. एक पॅकेज तयार केलं. त्यात खोली, न्याहारी, एका संध्याकाळचं जेवण आणि शेजारच्या मशीनघराची टोकनं. पैसे आगाऊ, परत मिळणार नाहीत. प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला मी स्वतः फोन करून हे देऊ करणार, आणि ज्यांनी होकार दिला त्यांच्या नावापुढे खूण करणार. नको म्हणतील त्यांना या वर्षापुरतं नेहमीसारखंच.

बहुतेकांनी नको म्हटलं. दुपारपर्यंत माझ्या यादीत मोजून चार खुणा होत्या, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये मला यादी दाखवायची होती.

या बाई किलकेनीजवळच्या एका खेड्यातल्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या. दर जुलैत त्या आणि त्यांची धाकटी बहीण आठवडाभर यायच्या. मी पॅकेजचं सगळं सांगितलं आणि विचारलं, “मग हे तुमच्यासाठी घालू का?” त्या म्हणाल्या, “यू आर ग्रँड, लव्ह.” आणि लगेच, इकडे किती गारा पडताहेत म्हणून सांगू लागल्या. अंगणातला पक्ष्यांच्या पाण्याचा वाडगा फुटला म्हणे. मी त्यांचं गारांचं ऐकत होतो आणि माझं बोट माऊसवर होतं. मनात म्हटलं, आपण आग्रह करणारी माणसं. एकदा पानात पडलं की खातातच. मी खूण केली. “मग जुलैत भेटू,” म्हणालो. त्यांच्या कार्डाचा नंबर आमच्याकडे आधीपासून होता, त्यावरून पैसे वळते झाले. ईमेल त्या वापरत नव्हत्या, म्हणजे पुष्टीचं पत्रही गेलं नाही. पुढे आणखी कुणाकुणाच्या नावापुढे मी अशी खूण केली असती, पण बाईंच्या नंतर मी फोन करणंच थांबवलं. मीटिंगमध्ये पाच सांगितले. मालक इतरांना म्हणाले, “युअर मॅन, हा गडी बघा, जुन्या लोकांनाही पटवतो.”

जुलैतल्या एका शनिवारी त्या आल्या. माझी खोली रिसेप्शनच्या मागे, दार अर्धं उघडं. आमच्या काउंटरवर एक पोलिश मुलगी होती, कामाला चोख. तिने स्क्रीन बघून सांगितलं की पैसे भरलेलेच आहेत, आणि एकूण आकडा वाचून दाखवला.

मग बाईंचा आवाज आला. “ते पॅकेज मी नको म्हटलं होतं ना?”

“तुम्ही फोनवर हो म्हणालात, असं दाखवतंय इथे.”

“मी हो म्हटलं?”

“हो. खूण आहे.”

“माझ्या तर… मी हो म्हटलं असं लिहिलंय?”

मुलीने स्क्रीन वळवून त्यांना खूण दाखवली. तिची काही चूक नव्हती. मग बहिणीचा आवाज आला, चिडलेला नव्हे, घाईघाईचा, मायेचा. “अगं, विसरली असशील. चल, बॅगा वर नेऊ.” आणि बाई म्हणाल्या, “तसंच असणार. मीच म्हटलं असेन.”

माझ्या खुर्चीपासून काउंटर सहा पावलांवर होतं. मी उठलो नाही. स्क्रीनवर त्यांचं बुकिंग उघडून बसलो. एका बटणावर सगळं उलट करता आलं असतं. पण मग पाचाचे चार झाले असते, आणि का झाले ते सांगावं लागलं असतं. मी ते बुकिंग बंद केलं आणि पुढच्या आठवड्याचे दर बघू लागलो.

त्या आठवड्यात मी त्यांना दोनदा लांबून पाहिलं. एकदा किनाऱ्यावरच्या आडोशाच्या बाकावर दोघी घरून आणलेली सँडविचं खात होत्या, मध्ये थर्मास. दर वर्षी दुपारी त्या आमच्या डायनिंग रूममध्ये सूप घ्यायच्या, हे मला वेटरकडून कळलं. दुसऱ्यांदा मशीनघरात. बाईंना ती नाणी ढकलायची यंत्रं आवडायची, आणि आमची टोकनं नेमकी त्यात चालत नसत, फक्त दांड्याच्या नव्या यंत्रांत चालत. त्या नाण्यांच्या यंत्राजवळ उभ्या राहून दुसऱ्यांच्या नाण्यांकडे बघत होत्या. टोकनं त्यांनी कुणाच्या तरी नातवंडांना देऊन टाकली. निघताना त्यांनी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, सगळं छान होतं. मी स्टोअरमध्ये होतो. मुद्दाम गेलो होतो.

त्या मोसमाच्या शेवटी आमच्या खोल्या कमी गेल्या आणि पैसे जास्त आले. मालक खूश होते. किनाऱ्यावर आणखी एका गेस्ट हाउसला फळ्या लागल्या. मला नीट झोप लागेना असं लिहिलं तर ते जरा माझ्या बाजूचं होईल. झोप लागायची. पण जेवताना मुलगी काही नको म्हणताना “आय’म ग्रँड, बाबा” म्हणाली, की मी पुन्हा विचारायचो, नको ना नक्की?

एका रविवारी मी बायकोला सांगितलं. तिने पोळी लाटता लाटता सगळं ऐकून घेतलं. मुलगी ओट्यापाशी उभी होती. तीच आधी बोलली. “बाबा, दॅट मीन्स नो. यू नो दॅट. यू टेल द स्टोरी!”

“माहितीये गं,” मी म्हटलं.

“देन व्हाय?”

मी बायकोला म्हटलं, मी पत्र पाठवतो. पाठवलंही. हॉटेलच्या कागदावर, छापील मजकुरातली वाक्यं घेऊन. आपल्या वास्तव्यात काही गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत, सोबत दोन रात्रींचं मोफत व्हाउचर. पाठवायच्या आधी बायकोला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, “हे कोणी लिहिलंय? महानगरपालिकेने?”

“म्हणजे?”

“‘काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ अरे, रस्ता खणलाय का तू त्यांचा? ‘झाली असल्यास’ काय? झाली.”

“हॉटेलच्या कागदावर असंच लिहावं लागतं.”

“मग हॉटेलच्या कागदावर लिहू नकोस.”

मी तेच पत्र पाठवलं. त्यांना व्हाउचर मिळालं की माझ्या मनावरचं ओझं उतरेल असं वाटत होतं. दहा दिवसांनी पाकीट परत आलं. आत व्हाउचर, आणि बहिणीच्या अक्षरातली चार ओळींची चिठ्ठी. आभार मानले होते. बहिणीचे फोन, पत्रं, व्यवहार आता मीच पाहते, असं लिहिलं होतं. तिला हल्ली आठवत नाही, ती कशालाही हो म्हणून बसते, तेव्हा कृपा करून तिला काही पाठवू नये.

ती चिठ्ठी मी गाडीत बसून वाचली. जुलैत काउंटरवरून आलेलं ‘मीच म्हटलं असेन’ मी तेव्हा ऐकलं होतं, पण ते कुठवर जाईल हे मला आत्ता कळलं. मी त्यांचे पैसे घेतले असं मी समजत होतो. त्यांचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा मी घेतला होता, आणि त्या आपले सगळे व्यवहार बहिणीकडे सोपवून मोकळ्या झाल्या होत्या.

मालकांना मी सोमवारी खरं सांगितलं. ते उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, “पैसे आजच परत कर. ते फोनचं बंद. आणि माझी आई असती तर तुला त्या दारातून नाही, त्या खिडकीतून घालवलं असतं.” आणि थोड्या वेळाने, “कागदावर काही कबूल करू नकोस मात्र.”

मी कागद घेतलाच नाही. पुढच्या रविवारी त्यांच्या गावी गेलो. पत्ता पत्रामुळे पाठ झाला होता. दार बहिणीने उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर तिचा चेहरा कडक झाला, पण पाऊस होता, आणि इथे पावसात कुणाला दारात उभं ठेवत नाहीत.

बाई स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसल्या होत्या. मी दोन शब्द बोललो तशा त्या म्हणाल्या, “हा आवाज मला माहितीये. तू फोनवर होतास. त्या दिवशी गारा पडत होत्या.”

“हो. तुमचा पाण्याचा वाडगा फुटला होता.”

“फुटलाच होता!” त्या बहिणीकडे वळून म्हणाल्या, आणि लगेच त्यांचा आवाज उतरला. “आता माझ्या आठवण्यात काही अर्थ नाही म्हणा.”

बहिणीने प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, कप काढले. माझ्याकडे पाठ करून सांगत राहिली. डॉक्टरांकडे नेलं होतं. आठवण तपासायला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावतात, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणतात.

“घड्याळ मी झकास काढलं,” बाई म्हणाल्या.

“काढलंस गं. पण एवढा मोठा व्यवहार कबूल करून बसलीस आणि तुला पत्ता नाही.” मग मला म्हणाली, “तीस वर्षं गाडी चालवली हिने. आता स्वतःहून किल्ली माझ्याकडे दिली. मला भीती वाटते म्हणाली. उद्या आणखी काय विसरेन.”

“बरं झालं दिली ते,” बाई हसून म्हणाल्या. “आता ही मला चर्चला नेते, आणि वाटेत दुसऱ्या गाडीवाल्यांना अशा शिव्या देते, की परत कन्फेशनला न्यावं लागतं.”

बहीण हसली नाही. तिने माझ्यासमोर कप ठेवला आणि विचारलं, तुमचं काय काम होतं.

येताना गाडीत मी इंग्रजीत वाक्यं जुळवली होती. पैसे परत केल्याचं आधी सांगायचं, मग हॉटेलच्या पद्धतीत झालेला गोंधळ, मग गैरसमज. पण ‘गोंधळ’ म्हटलं असतं तर तो त्यांच्याही डोक्यातला ठरला असता, आणि ‘गैरसमज’ म्हटलं असतं तर तो दोघांचा झाला असता. मी कपाला हात लावला नाही. बाई मला डोळ्यांनी खुणावत होत्या, असू दे, हिला उगाच चिडवू नकोस. मी खुर्ची थोडी वळवली, बहिणीलाही दिसेन अशी. बहीण हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली.

मी म्हणालो, “तुम्ही काहीही विसरला नाहीत. तुम्ही हो म्हणालाच नव्हतात. मी विचारलं, तुम्ही नको म्हणालात, आणि तुम्ही नको म्हणताय हे मला कळलं होतं. तरी मी हो लिहिलं, कारण मला ते लिहायला हवं होतं. जुलैत तुम्ही काउंटरवर विचारत होतात तेव्हा मी दारामागे बसून ऐकत होतो, आणि बाहेर आलो नाही. तुमची आठवण बरोबर होती, तेव्हाही आणि आताही. खोटं मी लिहिलं होतं. मी तुमची माफी मागायला आलोय.”